आधी सांगा, कशानं गेलं?

भोसरीच्या इंद्रायणीनगरात राहणाऱ्या काकूंकडे मांजर मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. घर स्वतःचं की भाड्याचं, घरात किती माणसं, हे सगळं नंतर. आधी, "तुमचं आधीचं कशानं गेलं?" आवाजात सहानुभूती वगैरे काही नसते. आधीच डोळे पुसत आलेल्या माणसाला तो प्रश्न टोचतो. मलाही टोचला होता. पुढं त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून त्यांचं काम पाहायला लागले तेव्हा समजलं, काकू शोकाची चौकशी करत नव्हत्या. साथीच्या रोगाचा माग काढत होत्या.

मांजरांना पॅनल्यूकोपेनिया नावाचा रोग होतो. कुत्र्यांच्या पार्व्होचा विषाणू आणि हा एकाच घराण्यातले. उलट्या, जुलाब, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात आणि लस न घेतलेलं पिल्लू बघता बघता संपतं. पिल्लू गेलं तरी विषाणू घरातच राहतो. फरशीच्या फटीत, गादीत, चपलेच्या तळाला तो वर्षभरसुद्धा टिकू शकतो. आपण घर निर्जंतुक करायला फिनेल वापरतो. त्यानं हा मरत नाही, उलट फिनेल मांजरालाच विषारी. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, आणि पुसून झाल्यावर फरशी दहा मिनिटं ओली राहू द्यायची. गाद्या-गोधड्यांना हा उपाय चालत नाही, त्या टाकूनच द्याव्या लागतात.

चिखलीहून एक नवरा-बायको आले होते. पिल्लू आठवड्यापूर्वी गेलेलं, मुलगी जेवत नाही, तसंच दुसरं पिल्लू हवं होतं. काकूंनी लक्षणं विचारली, दवाखान्याचा कागद पाहिला आणि सरळ नाही म्हणाल्या. "पिल्लू नेलंत तर तेही जाईल. मग मुलीला दोनदा रडायला लावाल." बाई चिडल्या. काकूंनी चहा ठेवला आणि आतल्या खोलीतली, दोन्ही डोस झालेली, तीन वर्षांची करडी मांजरी आणून त्यांच्यापुढं सोडली. ती मांजरी त्या दिवशी गेली नाही. पण पुढच्या रविवारी ते दोघं मुलीला घेऊन परत आले आणि मांजरीला घेऊन गेले.

एक प्राणी गेल्यावर दुसरा किती दिवसांनी आणावा, यावर सगळ्यांची मतं असतात. कुणी म्हणतं लगेच आणा, कुणी म्हणतं वर्ष जाऊ द्या. मला विचाराल तर मनाला विचारण्याआधी दवाखान्याच्या कागदाला विचारावं.

आमचा बंडोपंत मूत्रपिंडं थकून गेला. चौदा वर्षांचा पिवळा बोका. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार नेहमीचा. पाण्याच्या वाटीपाशी जास्त वेळ बसायला लागला, लिटरचा ट्रे लवकर भरायला लागला आणि अंगावरचं मांस कुठं गेलं ते कळलंच नाही. तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. मग घरीच सलाईन. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी झाली की तिच्या पायथ्याशी सुई घालायची. पाणी शिरेत नाही, कातडीखाली जातं आणि तिथं काही वेळ पिशवी लोंबत राहते. हे काम नवऱ्यानं केलं, तिसरी पाळी करून आल्यावर. शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शनचा विषय काढला. सासूबाईंना भीती पापाची. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे लहानपणी त्यांनी ऐकलेलं. त्या नको म्हणाल्या नाहीत. बंडोपंत गेल्यावर संध्याकाळी देवापुढं सव्वा रुपया ठेवला, सोन्याच्या मांजराच्या खात्यात.

नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी रजा घेतली ती तापाच्या नावावर. चाकणच्या कुठल्याही कंपनीच्या रजेच्या अर्जावर बोका गेला म्हणून लिहिता येत नाही.

तर काकूंचं काम. त्यांचे यजमान पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा परदेशात, दोन बेडरूमचा फ्लॅट. त्यातलं मागचं बाथरूम म्हणजे विलगीकरण कक्ष. नवीन आलेलं जनावर तिथं राहतं, त्याची भांडी वेगळी, त्या खोलीसाठी काकूंचा गाऊनही वेगळा. ओट्यावर मसाला मोजायचा असतो तसला डिजिटल काटा, पण त्यावर मसाला कधी चढत नाही. नुकतं जन्मलेलं पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असतं आणि रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. वहीत रोजचं वजन. एक दिवस आकडा जागेवरच राहिला की काकूंच्या कपाळावर आठी, दुसऱ्या दिवशी खाली आला की रिक्षा आणि दवाखाना. बिनआईच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजायचं, तेही गाईचं दूध नव्हे, मांजरांच्या दुधाची पावडर मिळते ती. पाजण्याआधी अंग गरम करायचं, कारण गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आणि पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं मागून पुसायचं, म्हणजे ते शी-शू करतं. एरवी हे आई चाटून करते. रात्री दोनचा गजर यजमानांच्या वाट्याला. "आयुष्यभर नाईट केली, सवय आहे," असं ते म्हणतात.

ही जनावरं येतात कुठून? पुण्यात बावधनला रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारखी संस्था आहे, २००७ पासून काम करते. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं प्राण्यांचं केंद्र नेहरूनगरला आहे. पण मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला की महापालिकेची हद्द संपते आणि खेड तालुका लागतो. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी. कारखाने तिथं, कामगारांच्या चाळी तिथं, चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार तिथं. म्हणजे उंदीर तिथं, आणि म्हणून मांजरंही तिथंच. कंत्राट संपलं की पोरं खोली रिकामी करून गावी जातात, खोलीत पाळलेली मांजरी मागं राहते. कँटीनच्या मागं पोसलेलं कुटुंब नवा मॅनेजर आला की नकोसं होतं. अशा वेळी फोन जातो तो काकूंसारख्या कुणाच्या तरी घरी.

आमच्याकडे आली ती मांजरी महाळुंग्याजवळ रस्त्याकडेला थांबलेल्या ट्रेलरमधून निघाली. नव्या गाड्या वाहून नेणारा ट्रेलर, पावसाचे दिवस. ओल्या रात्री मांजराला कोरडी, उबदार जागा लागते आणि नुकतं बंद केलेलं इंजिन त्या भागात जागोजागी असतं. ड्रायव्हरला आवाज आला म्हणून त्यानं चावी फिरवली नाही, हे तिचं नशीब. गेटवरचे सिक्युरिटीवाले आले, केबिन उचलली. मांजरी आणखी आत सरकली. शेवटी एकानं मोबाईलवर पिल्लाच्या रडण्याचा आवाज लावला आणि खाली सुकटीची पुडी उघडून ठेवली. ती आली. एका डोळ्याच्या जागी पांढरट गोळा, अंगभर काळं तेल. पोरांनी तिचं नाव तिथंच ठेवून टाकलं. डिझेल.

तिला धुताना मी होते. तेलानं माखलेल्या मांजराला रॉकेल-पेट्रोल लावून पुसायचं नाही, आणि तसंच सोडायचंही नाही, कारण ते चाटून चाटून सगळं पोटात घेतं. काकूंनी आधी तिला खायचं तेल चोळलं. तेलात तेल सुटतं. मग भांडी घासायच्या लिक्विडचा फेस, कोमट पाणी, पुन्हा फेस. पंजे सगळ्यात जास्त वेळ. काकूंना तेलापेक्षा धास्ती कूलंटची होती. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. मांजराला गोड चव कळत नाही, पण पंजाला लागलेलं ते चाटणारच, आणि तीन किलोच्या मांजराला निव्वळ ग्लायकॉल चमचाभरही पुरतं. मूत्रपिंडं जातात. हे ऐकल्यावर बंडोपंताची आठवण आली नसती तरच नवल. डिझेलचं रक्त तपासलं, आकडे चांगले आले.

डोळा गेला होता तो लहानपणीच्या मांजर-सर्दीनं. हर्पीसचा विषाणू. डॉक्टरांनी तो गोळा काढून पापण्या शिवून टाकल्या, त्याच भुलीत नसबंदीही केली आणि कानाचं टोक छाटलं, म्हणजे पुन्हा कुणी तिला पकडून टेबलावर आडवं करायला नको. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत विते. तेव्हा हे ऑपरेशन ज्यांना क्रूर वाटतं त्यांनी जुलै महिन्यात काकूंच्या बाथरूममध्ये एक रात्र काढावी.

मी पिवळा बोका मागायला गेले होते. काकूंनी त्याच दिवशी सांगितलं, "त्याच रंगाचं मागणाऱ्याला मी त्या रंगाचं देत नाही. तुम्ही रोज त्याला जुन्याच्या मापानं मोजणार." मला राग आला. आता वाटतं, बाईंचं बरोबर होतं. लोक पिल्लू मागतात, पांढरं मागतात, निळे डोळे मागतात, "पर्शियन आहे का?" असंही विचारतात, मोठं मांजर लळा लावणार नाही अशी समजूत. खरं तर दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला की मांजर माणसाळतं, हे टेम्पल विद्यापीठातल्या आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं. त्यानंतरचं मांजर आपला स्वभाव दाखवूनच घरात येतं. पिल्लू म्हणजे बंद पाकीट.

फॉर्म दोन पानी. आधारची प्रत, भाड्याचं घर असेल तर मालकाची संमती, घरातल्या प्रत्येकाची सही. सासूबाईंनीही केली, "पुन्हा लळा नको" असं म्हणत म्हणत. मग खिडक्या. आमच्याकडे कबुतरांसाठी नायलॉनची जाळी होती, काकूंनी बोटानं ओढून पाहिली आणि लोखंडी लावून घ्यायला सांगितलं. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायावर पडतं असा एक भ्रम आहे. न्यूयॉर्कच्या दवाखान्यात इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये छापून आला, त्यात नव्वद टक्के वाचली होती. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. फुटलेले जबडे, छातीत भरलेली हवा कुणी सांगत नाही, आणि जागीच मेलेलं मांजर दवाखान्यात कोण नेतं?

डिझेल आली आणि दिवाणाखाली गेली. तिला एकच खोली द्यायची, असं बजावलं होतं: कोपऱ्यात ट्रे, त्याच्यापासून लांब खाणं, पाणी आणखी वेगळीकडे. काकूंचा हिशेब तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिन्यांचा. पहिल्यात घाबरणं, दुसऱ्यात घराची ओळख, तिसऱ्यात घर आपलं. लपू द्यायचं, ओढून काढायचं नाही. लक्ष फक्त खाण्यावर ठेवायचं, कारण दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराचं यकृत बिघडू शकतं. डिझेल रात्री खायची. वाटी सकाळी रिकामी, मांजर गायब. मग शिंका सुरू झाल्या. हर्पीस अंगातून कधी जात नाही, ताण आला की डोकं वर काढतो, आणि नवं घर हा ताणच. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ दिली, थांबल्या.

ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की माणसानं मांजराकडे पाहून हळूच डोळे मिटले तर मांजरही तसं करतं, जवळही येतं. मी जमिनीवर आडवी पडून डोळे मिटायचे. डिझेल एकाच डोळ्यानं उत्तर द्यायची, म्हणजे डोळा मारल्यासारखं. ती पहिल्यांदा बाहेर आली ती मात्र माझ्यासाठी नाही. सासूबाई मटार सोलत होत्या, घरंगळलेल्या दाण्यामागं.

बंडोपंत मांडीवर बसायचा. डिझेल बसत नाही. ती हातभर अंतरावर, पाठ आपल्याकडे करून बसते. सुरुवातीला हे खुपायचं. घरात जी जागा रिकामी झाली होती ती अजून रिकामीच आहे, डिझेलनं दुसरीच जागा शोधून काढली, फ्रिजवरची. सासूबाई कधी कधी तिला बंडू म्हणून हाक मारतात. ती वळूनही पाहत नाही.

पाळलेलं जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कायद्याची ही किंमत कित्येक दशकांत बदललेली नाही, चाकणात कटिंगची बदलली.

काकूंकडे आत्ता दोन बोके आहेत, एक तीन पायांचा, दोघं मोठे, काळे, लस घेतलेले, नसबंदी झालेले. विचारणा येतात त्या पिल्लांसाठीच. तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल आणि त्याचा आजार संसर्गाचा नसेल, तर जवळच्या अशा कुणा काकूंना मोठं मांजर दाखवायला सांगा. आणि मांजर पाळायचं नसेल तरी पावसाळ्यात, थंडीत पाळी सुटल्यावर गाडीत बसण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि जरा थांबा.