टेलिफोनच्या क्रमांकाची साक्ष

घंटा वाजते, यंत्राच्या पडद्यावर बँकेचा क्रमांक उमटतो, आणि वृद्ध गृहस्थ निःशंक मनानें आपल्या ठेवीची माहिती सांगूं लागतो. बोलणारा बँकेंतला नसतोच. क्रमांक मात्र बँकेचाच असतो, आणि घात होतो तो त्या क्रमांकावरील विश्वासानें.

हें घडतें कसें? जुन्या पद्धतींत ग्राहकाच्या तारेवरून त्याचा क्रमांक बहुधा कंपनीचें केंद्रच ठरवीत असे. इंटरनेटवरून बोलणें सुरू झाल्यावर ती स्थिति पालटली. तेथें संभाषणाची जुळणी ‘सिप’ नांवाच्या संकेतानें होते, आणि त्यांतील प्रेषकाचा रकाना हांक मारणाराच भरतो. पाकिटाच्या पाठीवर कोणीहि कोणाचेंहि नांव लिहावें, तशांतलाच हा प्रकार!

अमेरिकेंत हा उपद्रव असह्य झाला. तेव्हां पुढें आलेल्या योजनेस ‘स्टर-शेकन’ म्हणतात. जेम्स बाँडच्या आवडत्या मद्याच्या कृतीवरून तज्ज्ञांनीं हें नांव जुळविलें. डिसेंबर २०१९ मध्यें कायदा झाला, आणि ३० जून २०२१ पर्यंत मोठ्या कंपन्यांना ती आपल्या इंटरनेट-पद्धतीच्या जाळ्यांत बसवावी लागली. कॅनडानें त्याच वर्षींच्या नोव्हेंबरची अखेर नेमून दिली.

योजनेचें मर्म सहीमध्यें आहे. ज्या कंपनीकडून हांक निघते, ती एक दाखला तयार करते. त्यांत दोन्हीं बाजूंचे क्रमांक व वेळ नमूद असते. त्यावर ती आपल्या गुप्त किल्लीनें सही करते, आणि पलीकडील कंपनी जाहीर प्रमाणपत्रावरून ती सही पडताळते. वाटेंत एक अंक बदलला तरी सही जुळत नाहीं. एका हांकेचा दाखला चोरून दुसरीस चिकटवावा, तर वेळ व क्रमांक आड येतात. दाखल्याचे वर्ग तीन. ‘ए’ म्हणजे ग्राहक ओळखीचा व क्रमांकावर त्याचा हक्क. ‘बी’ म्हणजे ग्राहक ओळखीचा, पण हक्काची खात्री नाहीं. ‘सी’ म्हणजे हांक आपल्या जाळ्यांत कोठून शिरली एवढेंच ठाऊक. परदेशाहून येणाऱ्या हांकांच्या वांट्यास बहुधा हा शेवटचाच वर्ग येतो.

यांत दोन भगदाडें आहेत. हांक मध्येंच जुन्या तारांच्या केंद्रांतून गेली कीं दाखला तेथेंच गळून पडतो. दुसरें अधिक गंभीर आहे. भामट्यानें रीतसर क्रमांक भाड्यानें घेतला, तर त्यालाहि ‘ए’ वर्ग मिळूं शकतो. सही क्रमांकाची असते, हेतूची नव्हे. तो वृद्ध गृहस्थ हांक तोडून कार्डामागें छापलेल्या क्रमांकावर स्वतः टेलिफोन करील, तर मात्र त्याला कोणाच्याहि दाखल्याची गरज उरत नाहीं. कारण या खेपेस क्रमांक त्यानेंच निवडलेला असतो.