सिडर बॉगचा गाळ

1927 साली प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टनचं ‘ॲनिमल इकॉलॉजी’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन आणि बेअर बेटावर त्याने अन्नसाखळ्या जुळवल्या होत्या. तिथे प्रजाती मोजक्याच, त्यामुळे कोण कोणाला खातं हे नीट दिसायचं. खाणारे थोडे आणि खाल्ले जाणारे पुष्कळ, हा मनोरा त्याचाच. पण एल्टनने मोजली ती डोकी. एका झाडावर हजार अळ्या बसल्या की असा मनोरा उलटा होतो. पुढे 1935 मध्ये आर्थर टान्सलीने सजीव आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा यांना मिळून ‘परिसंस्था’ म्हटलं. चौकट तयार झाली, हिशेब मात्र कोणी मांडला नव्हता.

तो मांडला रेमंड लिंडेमन या अमेरिकन विद्यार्थ्याने. मिनेसोटातलं सिडर बॉग लेक म्हणजे गाळाने बुजत चाललेलं उथळ तळं. लिंडेमन आणि त्याची पत्नी एलेनॉर त्या तळ्यातलं शेवाळ, प्लवक, किडे, अळ्या गोळा करून मोजत राहिले. मग त्याने डोकी सोडून उष्मांक धरले. तळ्यावर पडलेल्या उन्हातला जेमतेम 0.1 टक्का वनस्पतींनी पकडला होता. त्यातला 13.3 टक्के शाकाहाऱ्यांकडे गेला आणि त्यांच्याकडचा 22.3 टक्के मांसाहाऱ्यांकडे. उरलेली ऊर्जा काही श्वसनात उष्णता होऊन गेली, काही न खाल्लेल्या, न पचलेल्या अन्नात राहिली.

‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाच्या दोन्ही परीक्षकांनी हा हिशेब मांडणारा त्याचा लेख नापसंत केला. आकडे थोडे आणि सिद्धान्त फार, असा त्यांचा सूर होता. हरकत अगदीच गैर नव्हती, एका तळ्यावर केवढा डोलारा! येल विद्यापीठातले शास्त्रज्ञ हचिन्सन त्याच्या बाजूने उभे राहिले आणि संपादकांनी लेख घेतला. तो 1942 च्या ऑक्टोबरमध्ये छापून आला. लिंडेमन त्याआधीच, जूनमध्ये, आजारपणात गेला होता. वयाची सत्तावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

पंधरा वर्षांनी हॉवर्ड ओडमने फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या नितळ झऱ्याचा ताळेबंद छापला. दर चौरस मीटरला वर्षाकाठी वनस्पतींनी बांधलेली ऊर्जा 20,810 किलोकॅलरी. त्यातली निम्म्याहून जास्त त्यांनी स्वतःच्याच श्वसनात खर्च केली. शाकाहाऱ्यांच्या वाट्याला 3,368, मांसाहाऱ्यांच्या 383, आणि सर्वांत वरच्यांच्या हाती फक्त 21. भागाकार करून पाहिला तर सोळा, अकरा, साडेपाच टक्के निघतात. आपल्या शाळेत घोकून घेतलेले दर पायरीला ‘दहा टक्के’ हा ढोबळ अंदाज आहे, त्याला नियम म्हणू नये. वर चार-पाचच पायऱ्या का टिकतात, हे मात्र त्या 21 वरून लगेच कळतं.

त्याच ताळेबंदात विघटकांचा आकडा 5,060 आहे, म्हणजे शाकाहाऱ्यांपेक्षा जास्त. जिवंत पानाला तोंड लागण्याआधी बरीच पानं मरून तळाला जातात. सूक्ष्मजीवांचा मोठा व्यवहार तिथून चालतो. आपल्या मनोऱ्याच्या चित्रात त्यांना बाजूला एखादा बाण मिळतो, तोही कधी कधी. लिंडेमनच्या आकृतीत बाण चहूकडून येतात आणि मधोमध एकच चौकट आहे: तळाचा गाळ.