भिंतीवरचा फोटो बोलतो, ऐकणारा हवा!

आमच्या घरात तीन जुने फोटो आहेत. पहिल्यात आजोबा लष्करी गणवेशात ताठ उभे. दुसऱ्यात आजी-आजोबा पांढऱ्या वस्त्रांत, चाळीतल्या मंडळींसोबत. तो डिसेंबर १९५६ चा. तिसऱ्यात वडील मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजच्या दारात. हे फोटो आम्ही वर्षानुवर्षे पाहिले, १४ एप्रिलला पुसले, हार घातले. पण वाचले नाहीत. वाचायची वेळ आणली पुतणीच्या जात पडताळणीने.

तपासणी समितीने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला. वडिलांचे नाव शाळेत घातले ते धम्मदीक्षेनंतर. दाखल्यावर अभिमानाने 'बौद्ध' एवढेच लिहिलेले. आजोबांना तर शाळेची पायरीच चढू दिली नव्हती. गावच्या दप्तरात त्यांचे नाव सापडेना. दुसऱ्यांचे दावे लढवणाऱ्या वकिलाच्याच घरात कागद नाही!

तेव्हा पहिला फोटो चौकटीतून बाहेर काढला. मागे बेळगावच्या स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलने लिहिलेला एक नंबर. टोपीवरचा बिल्ला भिंगातून पाहिला, तर त्यावर कोरेगावचा विजयस्तंभ! मशीनगन नाही, नुसता स्तंभ. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, तेव्हाचा हा बिल्ला. ऑक्टोबर १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर मशीनगन आल्या. म्हणजे हा फोटो या पाच वर्षांतला! नंबरासह सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला. काही महिन्यांनी उतारा आला. त्यात आजोबांचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका आणि जातीच्या रकान्यात 'महार'. नुसता फोटो पुरावा ठरत नाही, पण पुराव्यापर्यंतची वाट तोच दाखवतो.

हा बिल्ला कुणी दान दिलेला नव्हता. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात आपले पूर्वज लढले. त्यांची नावे स्तंभावर कोरली गेली. त्याच इंग्रजांनी १८९२-९३ च्या सुमारास 'लढवय्या जाती'चे शास्त्र काढून महारांची भरती बंद केली. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. पुढे बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत हा प्रश्न लावून धरला. आजोबांच्या टोपीवरच्या त्या पितळेच्या तुकड्यामागे पन्नास वर्षांचे अर्ज आहेत. इंग्रजांचे गोडवे गाण्याचे आम्हाला कारण नाही.

पण त्या फोटोत आजोबांच्या पायात बूट आहेत. ज्या गावच्या चावडीसमोर त्यांना वहाणा हातात घ्याव्या लागत, त्याच गावचा हा माणूस बूट घालून कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा आहे. पलटणीने आपल्याला पगार दिला, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अक्षर दिले. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेब १८९१ मध्ये महूच्या छावणीत जन्मले, हे विसरता येत नाही.

तरीही युद्ध संपून आजोबा गावी परतले तेव्हा त्यांना पुन्हा येसकरकीच सांगितली गेली. त्यांनी गाव सोडले, मुंबईत गोदीत लागले. गणवेश सरकारने दिला होता, सरकारने परत घेतला. दुसऱ्या फोटोतली पांढरी वस्त्रे मात्र त्यांनी स्वतः अंगावर घेतली, ती कुणाला उतरवता आली नाहीत. आणि त्याच फोटोत आमची आजी पहिल्यांदा दिसते. पलटणीच्या फोटोत तिला जागा नव्हती, धम्माच्या फोटोत ती पुढच्या रांगेत आहे.

बांधवांनो, आपला इतिहास दुसऱ्यांच्या बखरीत शोधू नका. घर रंगवताना जुन्या तसबिरी भंगारात देऊ नका. चौकट उघडा, मागची बाजू वाचा. बिल्ला, फीत, हुद्दा, नंबर टिपून घ्या. म्हाताऱ्या माणसांना समोर बसवून प्रत्येक चेहऱ्याचे नाव विचारा आणि आजच लिहा. ती माणसे गेली की फोटो मुका होतो. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पदके जपा. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, प्रत द्या.

पुतणीला वैधता प्रमाणपत्र मिळाले. त्या दिवशी तिने आजोबांच्या फोटोला सॅल्यूट केला. आता त्या फोटोखाली नाव आहे, नंबर आहे, गाव आहे.

जयभीम!