इंजिनाला हरवले, पण कोणत्या अटींवर?

माणसाने बुद्धिबळाच्या इंजिनाला हरवलेले डाव हा पुस्तकासाठी फार चांगला विषय आहे. त्यात चुरस आहे, इतिहास आहे आणि शिकण्यासारखे पुष्कळ आहे. असे पुस्तक काढायला आता प्रकाशकाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. लेखक स्वतःच ते मांडतो, छापतो आणि विकतो. मात्र असे पुस्तक लिहिणाऱ्यांच्या आणि विकत घेणाऱ्यांच्याही मनात काही समज घट्ट बसले आहेत. त्यांतले काही खेळाविषयीचे आहेत, काही कायद्याविषयीचे. खेळाविषयीचे समज पुस्तकाचा पायाच पोकळ करतात, म्हणून आधी त्यांच्याकडे वळू.

‘डीप ब्लू’नंतर माणूस कधी जिंकलाच नाही

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लूने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले आणि तिथेच गोष्ट संपली, असे बहुतेकांना वाटते. वास्तविक त्याआधीच्या वर्षी फिलाडेल्फियात त्याच यंत्राच्या आधीच्या आवृत्तीविरुद्ध कास्पारोव्ह पहिला डाव हरूनही ४-२ असा जिंकला होता. १९९७ नंतरही झुंज चालूच राहिली. २००२ मध्ये बहरीनला व्लादिमिर क्रामनिक आणि डीप फ्रिट्झ यांचा सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. २००३ मध्ये कास्पारोव्हने आधी डीप ज्युनियरशी ३-३ आणि मग एक्सथ्रीडी फ्रिट्झशी २-२ अशी बरोबरी साधली. या दुसऱ्या सामन्यातला तिसरा डाव मुद्दाम पाहावा. कास्पारोव्हने प्याद्यांची साखळी अशी अडकवून ठेवली की फ्रिट्झला करण्यासारखे काही उरलेच नाही. त्याची मोहरी नुसती मागेपुढे हलत राहिली आणि दुसऱ्या बाजूने कास्पारोव्ह सावकाश आत शिरला.

नोव्हेंबर २००५ मध्ये बिल्बाओला रुस्लान पोनोमारिओव्हने फ्रिट्झला एका डावात हरवले. स्पर्धेच्या नेहमीच्या वेळेत, कोणतीही सवलत न घेता अव्वल इंजिनावर माणसाने मिळवलेला हा शेवटचा ज्ञात विजय मानला जातो. त्या स्पर्धेत माणसांचा संघ मात्र ८-४ असा हरला. त्याच वर्षी लंडनमध्ये हायड्रा या यंत्राने मायकेल ॲडम्सकडून सहा डावांत साडेपाच गुण घेतले होते. पुढच्या वर्षी बॉनला क्रामनिक डीप फ्रिट्झकडून ४-२ असा हरला. दुसऱ्या डावात तर त्याला एका चालीतली मात दिसली नाही. विश्वविजेत्याकडून अशी चूक झाली यातच यंत्रापुढे खेळण्याच्या ताणाची कल्पना येते. यंत्र थकत नाही, दबत नाही.

बॉनच्या अटी पुस्तक लिहिणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. क्रामनिकला प्रोग्रामची प्रत आधीच मिळाली होती. फ्रिट्झ साठवलेल्या सुरुवातीच्या चाली खेळत असेपर्यंत त्याचे ओपनिंग बुक क्रामनिकला पडद्यावर दिसत होते. एवढे असूनही तो हरला. या अटी सांगितल्याशिवाय त्या निकालाचा अर्थ लागत नाही. माझ्या मते या विषयावरच्या प्रत्येक पुस्तकाची खरी कसोटी हीच आहे: निकालासोबत अटी दिल्या आहेत की नाहीत?

डाव बंद ठेवला की इंजिन हरतेच

हा समज एका काळापुरता खरा होता, म्हणूनच तो इतका चिवट आहे. जुनी इंजिने ठरावीक खोलीपर्यंत चाली मोजत आणि मोहऱ्यांच्या किमतीवर फार विसंबत. प्यादी एकमेकांत अडकली की योजना वीस-पंचवीस चालींची लागते, आणि तेवढ्या लांबचे त्यांना दिसत नसे. इंग्लंडच्या डेव्हिड लेव्हीने १९६८ मध्ये पैज लावली की दहा वर्षांत कोणताही संगणक त्याला हरवू शकणार नाही. १९७८ मध्ये टोरांटोला चेस ४.७ या प्रोग्रामवर साडेतीन विरुद्ध दीड अशी मात करून त्याने ती जिंकली. शांत बसायचे, पेच वाढू द्यायचे नाहीत आणि यंत्राला स्वतःहून जागा बिघडवू द्यायची, हा त्याचा मार्ग होता. त्या सामन्यात जो डाव तो उघडा, हल्ल्याचा खेळायला गेला, तो मात्र त्याने गमावला.

या पद्धतीचा कळस २००८ मध्ये हिकारू नाकामुराने गाठला. ऑनलाइन ब्लिट्झमध्ये, तीन मिनिटांच्या डावात, तो काळ्या मोहऱ्यांनी रिब्का या इंजिनाविरुद्ध खेळला. त्याने पट पूर्ण बंद केला आणि हत्तीच्या बदल्यात हलके मोहरे घेऊन रिब्काला आपण वरचढ आहोत असे वाटू दिले. मग तो नुसता वाट पाहत राहिला. पन्नास चाली एकही मोहरे मारले गेले नाही आणि एकही प्यादे हलले नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. आपण जिंकतो आहोत असे मानणाऱ्या रिब्काला बरोबरी नको होती, म्हणून तिने स्वतःचीच तटबंदी फोडली. डाव २७१ चालींपर्यंत गेला. शेवटी नाकामुराने प्यादी बढतीला नेऊन वजीर मागायच्या ऐवजी उंट मागितले, इतका तो निर्धास्त होता. हा डाव मी कितीही वेळा खेळून पाहू शकतो. यंत्राच्या आकडेमोडीतला नेमका दोष शोधून त्यावर संपूर्ण योजना रचणे ही अस्सल प्रतिभा आहे. तरीही तो तीन मिनिटांचा डाव होता, तोही २००८ सालच्या प्रोग्रामशी, हे सांगायलाच हवे.

कारण इंजिने बदलली. २०१७ मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रामने न्यूरल नेटवर्कची ताकद दाखवली. २०२० मध्ये स्टॉकफिश या इंजिनाच्या १२ व्या आवृत्तीत पटाचे मूल्यमापन करणारे न्यूरल नेटवर्क आले आणि बंद जागांमधली जुनी उणीव बरीचशी भरून निघाली. त्याआधीच, २०१४ मध्ये, नाकामुरा स्टॉकफिशशी दोन डाव जुन्या रिब्काची मदत घेऊन आणि दोन डाव एका प्याद्याची सवलत घेऊन खेळला. चार डावांत त्याला फक्त दोन बरोबऱ्या मिळाल्या. २०१६ मध्ये कोमोडो या इंजिनानेही सवलत देऊन त्याला अडीच विरुद्ध दीड असे हरवले. आजही काही अभेद्य तटबंदीच्या जागांमध्ये इंजिनाचा आकडा फसतो. बरोबरी स्पष्ट दिसत असताना ते एका बाजूला वरचढ दाखवते. अशा जागा पुस्तकात जरूर द्याव्यात. पण इंजिनाने जागा चुकीची जोखणे आणि माणसाने त्याला पूर्ण डावात हरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोबाइलवरच्या इंजिनाला हरवले म्हणजे इंजिनाला हरवले

मोबाइल लहान म्हणून त्यातले इंजिन कच्चे असते, असे नाही. २००९ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या स्पर्धेत एका फोनवर चालणाऱ्या पॉकेट फ्रिट्झ ४ ने दहा डावांत साडेनऊ गुण मिळवले. फरक पडतो तो पातळीने. स्टॉकफिशमध्ये कौशल्याची पातळी शून्यापासून वीसपर्यंत ठेवता येते. ती खाली आणली की इंजिन अधूनमधून जाणूनबुजून कमी दर्जाची चाल निवडते. अशा डावातल्या विजयाला ‘स्टॉकफिशवर विजय’ म्हणणे ही वाचकाची फसवणूक आहे, मग ती अजाणतेपणी झालेली का असेना. चाल परत घेऊन जिंकलेला डाव किंवा दुसऱ्या इंजिनाला विचारून खेळलेला डाव यांचेही तसेच.

म्हणून प्रत्येक डावाखाली नोंद हवी: इंजिनाचे नाव आणि आवृत्ती, पातळी, संगणक कोणता, किती थ्रेड आणि किती मेमरी, दोन्ही बाजूंना किती वेळ, ओपनिंग बुक आणि एंडगेमच्या टेबलबेस होत्या की नव्हत्या. एकाच थ्रेडवर, मोजणीची मर्यादा निश्चित ठेवून खेळवले तर इंजिन त्याच चालींना तीच उत्तरे देते आणि वाचकाला डाव घरी पडताळता येतो. अनेक थ्रेडवर किंवा घड्याळाच्या वेळेवर खेळवले की उत्तरे बदलू शकतात. एकदा सापडलेली वाट दहा वेळा खेळून दहा विजय दाखवणाऱ्यानेही हे सांगायला हवे. रेटिंगचेही तसेच. इंजिनांच्या याद्यांतले आकडे इंजिनांच्या आपसांतल्या डावांवर ठरतात, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे माणसांच्या डावांवर. त्यांची वजाबाकी करून निष्कर्ष काढू नये.

दुसऱ्यांचे डाव छापायला परवानगी लागते

आता कायद्याविषयीचे समज. खेळलेल्या चाली ही घडलेली गोष्ट आहे, आणि घडलेल्या गोष्टीवर कोणाची मालकी नसते. २०१६ च्या जागतिक अजिंक्यपद सामन्यात आयोजकांनी इतर संकेतस्थळांवर चालींचे थेट प्रक्षेपण थांबवण्यासाठी न्यूयॉर्कच्या न्यायालयात मनाई हुकूम मागितला होता. तो नाकारला गेला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात न्यायालयीन निकालांचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला मानला, पण संपादकाने कौशल्याने घातलेली भर संरक्षित ठरवली. त्या खटल्याचा बुद्धिबळाशी संबंध नव्हता, तरी तत्त्व इथे लागू पडते असे मला वाटते. कास्पारोव्हच्या चाली छापा, पण त्यांवरचे दुसऱ्याचे भाष्य उचलू नका. भारतात ते लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे संरक्षित असते. वृत्तसंस्थेचे छायाचित्र मुखपृष्ठावर वापरायचे असेल तर परवानगी लागते. युरोपीय संघात संपूर्ण डेटाबेस उचलण्यालाही वेगळा अटकाव आहे. स्टॉकफिशचा परवाना त्या प्रोग्रामच्या वाटपाला लागू होतो; तो वापरून केलेल्या तुमच्या विश्लेषणाला नाही.

आयएसबीएन घेतला की हक्क मिळाला

आयएसबीएन ही फक्त पुस्तकाची ओळख. कॉपीराइट लिहिल्याबरोबर निर्माण होतो. त्याची नोंदणी ऐच्छिक आहे. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी विनामूल्य देते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही, आणि मध्यस्थाने स्वतःचा क्रमांक लावला तर नोंदीत प्रकाशक म्हणून त्याचेच नाव राहते. छापील पुस्तक काढल्यावर १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह तीन ठिकाणच्या ग्रंथालयांना प्रकाशकाने आपल्या खर्चाने प्रत पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढणारा लेखकच प्रकाशक असतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

मराठीत असे पुस्तक करणाऱ्यांना एक विनंती. चाली हाताने टाइप करू नका. डावाच्या चाली साठवणाऱ्या पीजीएन फाइलमधूनच मजकूर आणि पटाच्या आकृत्या काढा, कारण एक चुकलेला चौकोन पुढचा सगळा डाव निरर्थक करतो. मोहऱ्यांसाठी चित्रचिन्हे वापरा, म्हणजे सांगलीतल्या नव्या खेळाडूलाही आणि परदेशातल्या वाचकालाही डाव वाचता येईल. तुमच्या पुस्तकाला संपादक नाही आणि मुद्रितशोधकही नाही, तेव्हा एखाद्या जाणत्या खेळाडूकडून प्रत्येक डाव पटावर खेळवून घ्या. त्या डावांच्या फाइली, इंजिनाच्या नोंदींसह, वाचकाला उपलब्ध करून द्या.