मोहनिद्रा आणि कांदोळीचे फादर फारिया

पणजीस मांडवीच्या कांठीं, जुन्या सचिवालयाच्या बाजूस, एक पुतळा आहे. लांब झगा ल्यालेला एक धर्मगुरु हात पुढें पसरून उभा आहे, व त्याच्यासमोर एक स्त्री मागें कलंडत आहे. आमच्या विद्यार्थ्यांची सहल तेथें गेली असतां एका मुलानें भीतभीतच विचारिलें, "सर, हे त्या बाईला भारतायत काय?" इतर मुलें हंसलीं खरीं, परंतु परत येतांना मीं चौकशी केली, तेव्हां निम्म्याहून अधिक मुलांची समजूत तीच असल्याचें दिसून आलें. घरच्या वडील माणसांची समजूत कदाचित् फारशी निराळी नसेल. म्हणून हा लेख.

तो पुतळा जोझे कुस्तोदियु द फारिया यांचा. 'अ‍ॅबे फारिया' ह्या नांवानें ते प्रसिद्ध आहेत. अ‍ॅबे हा फ्रेंच लोकांचा धर्मगुरूंस लावण्याचा शब्द होय. त्यांचा जन्म ता. ३१ मे १७५६ रोजीं बार्देशांतील कांदोळी गांवीं झाला. १७७१ सालीं ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले, पुढें रोम येथें शिकले व १७८० सालीं त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्यांच्याविषयीं गोव्यांत एक आख्यायिका सांगतात. पोर्तुगालच्या राणीपुढें प्रवचन करण्यास हे तरुण पाद्री उभे राहिले आणि समोरचा दरबार पाहून त्यांची जीभ टाळूस चिकटली. तेव्हां जवळच असलेल्या वडिलांनीं कोंकणींत हळूच सांगितलें कीं, ही सगळी भाजी आहे, काप ती भाजी! तत्क्षणीं भीति पळाली व प्रवचन सुरळीत पार पडलें. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, (आमच्या वक्तृत्वस्पर्धेंत थरथर कांपणाऱ्यांनीं ती जरूर लक्षांत ठेवावी!) एका वाक्यानें माणसाची शरीरावस्था पालटते हें जें तींत दिसतें, त्याचाच शोध फारियांनीं पुढें केला.

१७८८ सालीं ते फ्रान्सांत गेले. त्यापूर्वींच पॅरिसमध्यें मेस्मर नांवाच्या वैद्याचा मोठा बोलबाला होऊन गेला होता. सर्व प्राण्यांच्या शरीरांतून एक सूक्ष्म प्रवाह वाहतो, आणि हात फिरवून तो रोग्याच्या अंगांत सोडतां येतो, असें मेस्मरचें म्हणणें. १७८४ सालीं राजानें नेमलेल्या मंडळानें ह्या मताची परीक्षा केली. विजेच्या पतंगामुळें आपणांस ठाऊक असलेले बेंजामिन फ्रँकलिन त्यांत होते. त्यांच्या बागेंतील एका जर्दाळूच्या झाडांत हा प्रवाह भरण्यांत आला, व सुमारें १२ वर्षांच्या एका मुलास डोळे बांधून एकेका झाडापाशीं नेण्यांत आलें. मुलगा मूर्च्छित झाला, पण भलत्याच झाडाखालीं! प्रवाह वगैरे कांहीं नाहीं, हा सर्व कल्पनेचा खेळ, असा निर्णय मंडळानें दिला आणि प्रकरण मिटविलें.

येथेंच आपल्या कांदोळकराची थोरवी आहे. केवळ कल्पनेनें जर माणूस मूर्च्छित होतो, तर कल्पना ही क्षुद्र वस्तु कशी? १८१३ सालीं फारियांनीं पॅरिस येथें जाहीर प्रयोग आरंभिले. लोहचुंबक नाहीं, हातवारे नाहींत. समोरच्यास खुर्चींत स्वस्थ बसवावें, डोळे मिटून चित्त एकाग्र करण्यास सांगावें, आणि मग खणखणीत आवाजांत आज्ञा करावी कीं, 'झोपा!' कांहींना ती निद्रा लागे, कांहींना लागत नसे. शक्ति प्रयोग करणाराच्या हातांत असती तर सर्वांनाच लागती ना? ही निद्रा निद्रा घेणाराच्याच मनांत उत्पन्न होते, आपल्यापाशीं कांहीं अद्भुत सामर्थ्य नाहीं, असें हा मनुष्य भर सभेंत सांगत असे! रक्त पातळ असणारांस ती लवकर लागते हें त्यांचें मत मात्र पुढें टिकलें नाहीं.

लोकांस चमत्कार हवा होता. १८१६ सालीं त्यांची टर उडविणारें प्रहसन रंगभूमीवर आलें. कांहीं धर्मोपदेशकांनीं हें सैतानाचें कृत्य म्हटलें. ख्रिस्ती माणसानें हें लपवूं नये. ता. २० सप्टेंबर १८१९ रोजीं फारिया वारले, व त्यांचा ग्रंथ त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. पुढें १८४३ सालीं मँचेस्टरच्या ब्रेड नामक शस्त्रवैद्यानें निद्रावाचक ग्रीक शब्दावरून ह्या विद्येस 'हिप्नॉटिझम' हें नांव रूढ केलें. १८४५ पासून बंगालमध्यें हुगळी येथें डॉक्टर एस्डेल यांनीं रोग्यांस अशा अवस्थेंत ठेवून मोठमोठ्या गांठी कापल्या. पण लवकरच ईथर व क्लोरोफॉर्म आले आणि ही पद्धति मागें पडली.

आज तिला संमोहन म्हणतात. ती खरी झोंप नव्हे. माणूस ऐकत असतो, नको तें नाकारूंही शकतो. लक्ष एकाच ठिकाणीं खिळलें कीं सूचना शरीरावर परिणाम करते. मीठ लावलेली कैरी नुसती मनांत आणा, तोंडास पाणी सुटतें कीं नाहीं? त्याच वाटेनें वेदना व भीति कमी करतां येतात. दांत काढण्याचें भय, भाजलेल्या जखमेची पट्टी बदलतांनाच्या यातना, प्रसूतीच्या वेणा, आंतड्यांची चिवट दुखणीं, ह्यांत तिचा उपयोग होतो. बेल्जममधील लिएज येथें १९९२ पासून संमोहनास अल्पशा औषधांची व जागेवरच्या बधिरतेची जोड देऊन कित्येक शस्त्रक्रिया करण्यांत आल्या आहेत. सर्वांसच ती अवस्था सारखी साधत नाहीं. त्या अवस्थेंत 'आठवलेल्या' गोष्टी खऱ्या मानूं नयेत. भ्रम होणाऱ्या मनोरुग्णावर तर मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यावांचून हा प्रयोग करूंच नये.

आणि एक गोष्ट पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. वेदना कमी होणें निराळें, रोग जाणें निराळें. माझ्या ओळखीच्या एका घरीं आईस पोटदुखीचा विकार जडला. एका फिरत्या 'प्रोफेसरा'नें तिला डोळे मिटावयास लावून दुखणें गेल्याचें सांगितलें, आणि खरोखरच तिला आराम वाटला. त्या आरामाच्या भरंवशावर चार महिने कोणी डॉक्टरकडे गेलें नाहीं. प्रोफेसर आठवड्यास फी घेऊन जात. अखेर एके रात्रीं ताप भरला, कावीळ दिसूं लागली, तेव्हां इस्पितळांत नेलें. पित्ताशयांत खडे होते, आणि त्यांतील एक नळींत अडकला होता. बाई सुदैवानें वांचल्या. तपासणी अगोदर झाली असती, तर तेंच संमोहन योग्य माणसाच्या हातून त्यांच्या शस्त्रक्रियेच्या भीतीवर उपयोगी पडलें असतें, असें तेथील डॉक्टर म्हणाले. ते खडे त्यांच्या मुलानें काचेच्या कुपींत घालून ठेविले आहेत. मीं ते पाहिले, हरभऱ्याएवढे आहेत.