क्षपणकारक क्लोरीननिरास

क्षपणकारक क्लोरीननिरास ही ऑक्सिजनविरहित गाळात व भूजलात घडणारी जीवरासायनिक प्रक्रिया आहे. तीत सूक्ष्मजीव क्लोरीनयुक्त कार्बनी प्रदूषकांच्या रेणूंतील क्लोरीनचे अणू टप्प्याटप्प्याने काढतात व त्यांच्या जागी सहसा हायड्रोजनचे अणू येतात. ही प्रक्रिया अर्धवट राहिल्यास मूळ प्रदूषकापेक्षा अधिक घातक पदार्थ साचू शकतो.

यंत्रणा

क्लोरीनचे अणू इलेक्ट्रॉन खेचून घेतात. त्यामुळे क्लोरीनचे प्रमाण जास्त असलेल्या रेणूंचे ऑक्सिडीकरण अवघड, तर क्षपण तुलनेने सुलभ असते. ऑक्सिजन संपलेल्या गाळात काही जीवाणू श्वसनासाठी त्याच्याऐवजी हे रेणू वापरतात. त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन बहुधा हायड्रोजन वायूपासून मिळतात. हा वायू इतर जीवाणू सेंद्रिय पदार्थांच्या किण्वनातून तयार करतात. क्लोरीन काढणाऱ्या बहुतेक विकरांना ब-१२ जीवनसत्त्वासारख्या सहविकराची गरज असते.

टेट्राक्लोरोएथिलीनचे विघटन

ड्राय क्लीनिंगमध्ये व धातूंवरील ग्रीस काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टेट्राक्लोरोएथिलीनपासून अनुक्रमे ट्रायक्लोरोएथिलीन, डायक्लोरोएथिलीन, व्हायनिल क्लोराइड व शेवटी निरुपद्रवी एथिलीन तयार होते. यांपैकी व्हायनिल क्लोराइडमुळे मानवाला कर्करोग होतो, हे सिद्ध झाले आहे. अनेक जीवाणूंची क्रिया डायक्लोरोएथिलीनपाशी थांबते. एथिलीनपर्यंत पोहोचणारा पहिला ज्ञात जीवाणू अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये वर्णिला. डिहॅलोकोकॉइड्स प्रजातीतील या जीवाणूला ब-१२ स्वतः तयार करता येत नाही. त्यासाठी तो इतर सूक्ष्मजीवांवर अवलंबून असतो.

हडसन नदीतील गाळ

न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीत कपॅसिटर बनवणाऱ्या दोन कारखान्यांतून १९७०च्या दशकापर्यंत पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल ही संयुगे मिसळत होती. तेथील गाळात सूक्ष्मजीव त्यांतील क्लोरीन काढत असल्याचे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. मात्र या क्रियेत ऑर्थो स्थानांवरील क्लोरीन बहुतांशी टिकून राहतो व बायफेनिलची वलये तुटत नाहीत. त्यामुळे रेणूंतील क्लोरीन घटला, तरी प्रदूषक नाहीसे होत नाही. पुढे २००९ ते २०१५ या काळात नदीतील दूषित गाळ उपसण्यात आला.

उपयोग

दूषित भूजलाच्या शुद्धीकरणासाठी जमिनीत लॅक्टेट किंवा वनस्पती तेल सोडून किण्वनाला चालना दिली जाते. योग्य जीवाणू तेथे नसल्यास त्यांचे संवर्धित मिश्रणही सोडले जाते. केवळ मूळ प्रदूषक घटणे हा यशाचा पुरेसा पुरावा ठरत नाही. व्हायनिल क्लोराइड साचत नाही व एथिलीन तयार होत आहे, हेही तपासावे लागते.