बुध्या, बुधी आणि एक जून

टॉल्किनने रचलेल्या एल्फ लोकांत एकेका माणसाला अनेक नावे असतात. एक बापाने ठेवलेले, एक आईने, एखादे पुढे लोकांनी दिलेले. जगभरचे वाचक ती नावे हौसेने पाठ करतात. पेण आणि रोह्याच्या डोंगरकडेला कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथेही एका माणसाला दोन-तीन नावे असतात, आणि ती नीट जुळली नाहीत म्हणून त्याचे दाखले अडतात. या नावांकडे आपण अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

जमातीचे नाव धंद्यावरून पडले. खैराचा लाल गाभा तासायचा, ढलप्या मडक्यात उकळायच्या, पाणी आटवून काताच्या वड्या पाडायच्या. विड्यात रंगतो तो हा कात. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगल राखीव होत गेले, खैरावर हात टाकणे अवघड झाले आणि धंदा मोडला. मग कोळसा पाडणे, मासे-खेकडे, शेतावरची मजुरी, वीटभट्टी. धंदा गेला, त्याचे नाव तेवढे राहिले.

बाळाचे नाव बहुतेकदा जन्मवारावरून पडते. सोमवारचा सोम्या, मंगळवारची मंगळी, बुधवारचा बुध्या किंवा बुधी. तारीख लिहून ठेवण्याची सोय नसलेल्या घरात वार मात्र पक्का आठवतो, कारण तो पोराच्या नावातच असतो. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. पुढे शाळेत नाव घालताना बुध्याचा ‘बुधाजी’ होतो, शिधापत्रिकेवर ‘बुधा’ आणि आधार कार्डावर आणखी काही. जन्मतारीख ठाऊक नसली की रकान्यात ‘1 जून’ पडते. असे एक जूनवाले महाराष्ट्रभर आहेत. पण कातकरी मुलाच्या बाबतीत नावात जपलेला वार आणि कागदावरची तारीख यांचा मेळ बसत नाही.

आडनावे वाघमारे, पवार, जाधव, मुकणे, हिलम. नुसते पवार किंवा जाधव ऐकून जमात ओळखता येत नाही. घरात आपसांत कातोडी बोली चालते, परका माणूस अंगणात आला की मराठी सुरू होते. याला लोक लाजाळूपणा म्हणतात. ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभी आहेत आणि ज्यांनी मुकादमाची उचल अंगावर घेतली आहे, ते परक्यापुढे जपूनच बोलणार.

पेण-रोह्याच्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेर येथे 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे. इतर काहींची नावे म्हात्रे, पाटील, फोफेरकर अशी आडनावांनिशी येतात. नाग्यांच्या नावापुढे मात्र जमातच लागली आहे. त्या एका नावामुळे जंगलाच्या लढ्यात कातकरी होते, हे कुणाला नाकारता येत नाही.

आज कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे, कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. जातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचे वास्तव्य दाखवावे लागते. भटकत्या मजुराच्या आजोबाचा कागद कुठून आणायचा? आणि मिळालाच, तरी त्यावरचा ‘सोम्या’ आणि नातवाच्या दाखल्यातला ‘सोमनाथ’ एकच, हे पटवायचे कसे?

दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या होऊ लागतात. कुटुंबे भट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या काळात जन्मलेल्या मुलाची नोंद 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म झाला तिथेच, 21 दिवसांच्या आत व्हायला हवी. नाव तेव्हा ठरलेले नसले तरी चालते, ते पुढे 15 वर्षांपर्यंत घालता येते. ही सवलत भट्टीवरच्या बाईला कुणी सांगत नाही. भट्टीमालकाने, आशाताईने किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्याच आठवड्यात नोंद करून दाखला आईच्या हाती दिला, तर त्यासाठी कुटुंबाला पुन्हा परक्या जिल्ह्यात खेप घालावी लागणार नाही.